हात धुतलेलं पाणी

"मला काय झालेलं न्हाई," आकाराम म्हणाला. "घसा तिचा दुखतोय. तिला औषध द्या."

डॉक्टर ब्राह्मींनी पेन टेबलावर ठेवलं. आल्यापासून तो हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको क्रांती तोंडाला पदर लावून बसली होती.

चैत्रातल्या जत्रेला नवरा येऊन गेला, त्यानंतर ती पहिल्यांदा सांगलीच्या या दवाखान्यात आली होती. घशातला नमुना तपासला, तेव्हा परमा, म्हणजे गनोरिया, निघाला. इंजेक्शनने घसा स्वच्छ झाला. नवऱ्याला घेऊन या, त्याच्यावर उपचार झाल्याशिवाय संबंध नको, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. पण नवरा तिकडे तमिळनाडूत सेलमला, गलाईच्या दुकानात. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचा त्याचा धंदा. गणपतीला तो गावी आला, दसऱ्यापर्यंत राहिला, आणि क्रांतीच्या घशात पुन्हा तेच निघालं. आज ती त्याला ओढूनच घेऊन आली होती. मिरजेहून त्याची रात्रीची गाडी होती.

"तुमी सांगितलं तसंच वागलो," आकाराम म्हणाला. "संबंध ठेवला न्हाई. विचारा तिला."

क्रांतीने मान हलवली. ती खोटं बोलत नव्हती.

मग डॉक्टरांनी आडपडदा बाजूला ठेवला. तोंडाने काही झालं का, असं त्यांनी सरळ विचारलं. आकारामने दाराकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"ते कुठं त्यात धरायचं," तो म्हणाला. "आणि तिचं आपरेशनबी झालंय की."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. दिवस राहण्याचा इथे प्रश्नच नाही, त्या म्हणाल्या. रोगाला तोंडाची वाटही चालते; खालून तोंडात आणि तोंडातून खाली. निरोध वापरला असता तर धोका पुष्कळ कमी झाला असता. गरमी, म्हणजे सिफिलिससुद्धा याच वाटेने येऊ शकतो, म्हणून दोघांचं रक्तही तपासायला हवं.

"यांनी घरात स्वतःचा पाण्याचा तांब्या वेगळा केलाय," क्रांतीकडे हात करून त्या म्हणाल्या. "अंगणवाडीत कामाला आहेत, पण तिथल्या पोरांना जवळ घेत नाहीत. तांब्याने हे लागत नाही, पोरांना जवळ घेऊनही नाही. ज्याने लागतं, तेवढंच तुम्ही दोघांनी चालू ठेवलंत."

आकाराम हटला नाही. लघवीला जळजळ नाही, पू नाही, ताप नाही. दुखलं असतं तर आपण होऊन आलो असतो, असं त्याचं म्हणणं. काहीतरी दिसायला तर पाहिजे. पुरुषाला कित्येकदा काहीच दिसत नाही, तपासणीतच कळतं, हे डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. त्यावर त्याने घड्याळ पाहिलं. पुढच्या खेपेला बघू, म्हणाला.

हा रोग औषधांना दाद देईनासा होत चाललाय, पुढच्या खेपेला हे इंजेक्शन लागू पडेलच असं नाही, हे सांगताना डॉक्टरांचा आवाज चढला. बाहेर बाकावरची कुजबुज थांबली. त्यांनी आवाज खाली आणला.

"आज मी यांना बरं करीन," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही दिवाळीला याल."

मग क्रांतीने तोंडावरचा पदर काढला.

"दुकानात हात धुतलेलं पाणी तुमी मोरीत सोडता का?"

"ते कशाला इथं?"

"सोडता का, सांगा."

"न्हाई."

तिला ते ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षं ती सेलमला होती. दुकानातल्या हात धुवायच्या भांड्याला मोरीची वाट नव्हती, खाली टप होता. पाणी निवळलं की तळाचा गाळ सुकवून सोनं वितळवायच्या मुशीत घालायचे. एकदा तिच्या हातून तो टप कलंडला, तेव्हा आकारामने कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"का सोडत न्हाई?"

"सोनं असतंय त्यात."

"दिसतंय?"

आकारामने तिच्याकडे पाहिलं. ती नजर खाली घेत नव्हती. डॉक्टरांनी खणातून लघवीच्या नमुन्याची झाकणाची छोटी बाटली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

ती उचलायला त्याने वेळ लावला. पण उचलली आणि बाहेर गेला.

परत आला तेव्हा तो व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली थांबला. बाटली डोळ्यांसमोर धरून त्याने हलकेच तिरकी केली, पुन्हा सरळ केली. काहीच दिसत नव्हतं. मग झाकण आणखी घट्ट करून, ती दोन्ही हातांत धरून, एक थेंबही सांडू नये अशा बेताने तो तपासणीच्या खिडकीकडे चालू लागला.