कोपर, सावली, आवाज

“‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर दोन’, ‘नवीन फोल्डर खरा’. हा काय पोरखेळ लावलायस?” थोरली कडाडली.

धाकटा भाऊ चहाचे कप घेऊन दारातच थबकला. “चिडतेस काय ताई? मला सापडतं सगळं.”

“डोंबल सापडतं!”

बाबांची पंचाहत्तरी तोंडावर आली होती. हॉल ठरला होता, भलामोठा पडदा ठरला होता. त्यावर झळकायचे ते फोटो, व्हिडिओ, आवाज मात्र एका हार्ड डिस्कच्या उकिरड्यात पडले होते. थोरलीचा जन्म वर्तमानपत्राच्या फोटो विभागात लेबलं लावण्यात गेलेला. धाकट्याने हातापाया पडून तिला बोलावलं होतं. ती आली, आणि आल्यापासून नुसती धुमसत होती.

“तुझ्या फोनमधले?”

“इथे उतरवले.”

“मग तिकडचे काढून टाक. काकांचा पेनड्राइव्हसुद्धा पुसूनच परत दे. एक फोटो चार ठिकाणी असला की शोधणाऱ्याच्या डोक्याला ताप. आणि कागदी?”

“स्कॅन केले आणि दिले रद्दीत. बाबाच म्हणाले, जागा अडते.”

धाकट्याने फोन आणि पेनड्राइव्ह दोन्ही पुसून टाकले. चहा निवत राहिला. कळफलकावर बोटं आपटत राहिली.

बाबा – भाषण करताना.

बाबा – फक्त कोपर, डावीकडून.

बाबा – सावली, मागच्या भिंतीवर.

बाबा – दिसत नाहीत, मागून खोकला.

“खोकल्यालाही लेबल!” धाकट्याला हसू आवरेना. “वर्षानुवर्षं त्यांच्याशी धड बोलत नव्हतीस. एकदम एवढा पुळका?”

“काम म्हणजे काम. शब्द टाकला की माणूस हजर झाला पाहिजे.”

“काही म्हण, शेवटी रक्त ओढ घेतंच.”

तिने ‘पुढे’ची कळ अशी दाबली की टेबल हललं.

पुढचा फोटो तिचाच. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. उजवी कड नाहीशी झालेली. खांद्यावर तेवढी चार बोटं आणि अर्धी बांगडी.

“हा उंदरांनी कुरतडलाय,” धाकटा म्हणाला.

“उंदीर पट्टी लावून कुरतडतात?”

त्याने वाकून ती सरळ कड पाहिली. आई घर सोडून गेली तेव्हा तो पाळण्यात होता.

“कात्री माझी होती. शाळेतली,” थोरली म्हणाली. “बाबा कापायचे, मी अल्बममधून शोधून द्यायची. माझी नजर तीक्ष्ण ना. ‘बघ, अजून कुठे राहिली आहे का ती,’ म्हणायचे.”

“जाऊ दे ना ताई. आता त्यांचं वय झालं.”

“झालं खरं.”

तिने त्या फोटोला लेबल लावलं. आई.

“नुसता हात तर आहे!”

“कोपराला बाबा म्हटलं तेव्हा चाललं ना तुला?”

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याने तो स्पीकरवर टाकला.

“झालं की नाही?” बाबांचा आवाज खोलीभर घुमला. “का नुसता चहा ढोसताय? चार लोकांत माझी शोभा नको.”

“झालंच बाबा. ताईने कमाल केलीय.”

“कमाल नंतर. तिला म्हणावं, नीट बघ. अजून कुठे राहिलोय का मी?”

थोरलीचा हात क्षणभर थांबला. मग तिने शोधाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला. बाबा.

संगणकाचा पडदा काठोकाठ भरला. भाषणं, कोपरं, सावल्या, खोकले.

“वा! एका शब्दात सगळेच्या सगळे!” धाकट्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

“एकही सुटला नाही ना?” फोनमधून आवाज आला.

“एकही नाही,” थोरली म्हणाली. सबंध दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज शांत होता.

तिने सगळे निवडले. कायमचे पुसायचे का, असं पडद्यावर उमटलं.

तिने ‘हो’ दाबलं.