टोकाला जायचा बेत

“अहो, बोटीत कुठल्या बाजूला बसायचं? दीपगृह आधी कुठून दिसतं?”

बायकोने शिलाई मशीनवरून मान वर न करताच विचारलं. प्रवासासाठी ती नवी पिशवी शिवत होती. “डावीकडून,” इंजिनवाल्याने ठोकून दिलं.

खरं तर त्याला हे तोंडपाठ असायला हवं होतं. सारी नोकरी त्याने त्याच फेरीबोटीवर काढली होती. रोज खाडी ओलांडायची, समोरच्या टोकाला जायचं, परत यायचं. शाळेच्या पुस्तकात त्या जागेला द्वीपकल्प म्हणतात. इथे सगळे नुसतं ‘टोक’ म्हणत. जमिनीची एक चिंचोळी पट्टी लांबवर समुद्रात गेलेली, आणि तिच्या शेवटाला बोट लागायची.

पण इंजिनवाल्याने टोक कधी पाहिलंच नव्हतं. त्याची खोली बोटीच्या पोटात, आणि तिला खिडकी नाही. पलीकडच्या धक्क्याला लागल्यावरही इंजिन बंद करायची सोय नव्हती. ते म्हातारं धूड एकदा रुसलं की पुन्हा मनवणं कठीण. म्हणून हा तिथेच बसून परतीच्या घंटेची वाट बघायचा. सुट्टीच्या दिवशी तर बोटीचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

लग्न नवं असताना तिने मोठ्या हौसेने विचारलं होतं, “आज टोकावर काय पाहिलंत?” ‘इंजिन पाहिलं’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने एक लोणकढी थाप मारली. मग तिला टेकू म्हणून दुसरी, आणि पुढे रोज संध्याकाळी एक. वरच्या झडपेतून वाळक्या गवताचा वास आला, की तो घरी येऊन कुरणं सांगे. धक्क्यावर कुणी बाई हसली, की विहीर सांगे, तिच्या काठावरच्या बायका सांगे. धुकं नुसतं अंगाला जाणवे, पण घरी पोचेपर्यंत त्या धुक्यात एक पांढरा घोडा उभा राही. ऐकता ऐकता ती दिवा लावायची विसरे. खोली अंधारत जाई आणि टोक मात्र हळूहळू उजळत जाई. पुढे पुढे त्याला तिथे पाऊल टाकायची भीतीच वाटू लागली. खरं टोक एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर मग रोज सांगायचं काय?

आता तो निवृत्त झाला होता, आणि हिने चक्क बेत आखला होता. विहिरीपाशी डबा खायचा. घोड्यासाठी गाजरं न्यायची.

“आता थकला असेल ना हो घोडा?” तिने विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. इंजिनवाला उगाच खिडकीचा कडी-कोयंडा तपासत राहिला. उभ्या जन्मात त्याने तिला एक दागिना केला नव्हता. दिलं होतं ते हे टोक, तेवढंच. उद्या ते तिच्या डोळ्यांदेखत पुसलं जाणार, या विचाराने त्याला रडू येत होतं.

“राहू दे ना,” तो म्हणाला. “दुरून डोंगर साजरे. शिवाय माझे गुडघे. तिथल्या धक्क्याच्या पायऱ्या नाही झेपणार मला.”

“पायऱ्या कुठायत? उतार आहे. शेवाळ असतं, तेवढं जपून चालायचं.”

इंजिनवाला तिच्याकडे बघतच राहिला. “तुला काय माहीत?”

तिने दातांनी दोरा तोडला. “पहिल्याच वर्षी तुम्ही एकदा डबा विसरलात. द्यायला आले, तर बोट सुटत होती. चढले, डबा खलाशाच्या हाती खाली धाडला. तिकडे एक पत्र्याची शेड आणि दोन शेळ्या. दीपगृह तर औषधालाही नाही!”

“मग इतकी वर्षं रोज विचारायचीस कशाला?”

“तिथे काही नाही, म्हणूनच.” ती हसली. “पण त्यानंतरही जायचे हं मी. अधूनमधून, दुपारी काम आटोपलं की. आणि संध्याकाळी तुम्ही त्याच फेरीतला घोडा सांगायचात.”

“अगं, पण जायचीस कशाला? शेळ्या बघायला?”

“टोक कोण बघतंय? इंजिनाच्या बरोबर वर एक बाकडं आहे, कायम गरम असतं. त्यावर बसून मी तुमच्यासोबतच जायचे. आता एकदा माझ्या शेजारी बसून चला.”