चार पावलं

रंग वाळवायच्या मोठ्या भट्टीत गाडा ढकलला की संगणकाच्या पडद्यावर चौकट यायची: ‘आत कोणी आहे का? होय / नाही’. ‘नाही’ म्हटलं की दार बंद होऊन भट्टी तापायला लागायची. पण उत्तर फक्त माऊसनेच देता यायचं, आणि माऊस टेबलावर नव्हताच. तो कोपरा वळून चार पावलांवर, भट्टीच्या खिडकीच्या काचेखाली पक्का बसवलेला होता.

“आधीच्या इंजिनिअरसाहेबांचं डोकं, दुसरं काय!” भट्टी चालवणारे काका म्हणाले. “दिवसाला चाळीस उठाबशा होतात माझ्या. शाळेतसुद्धा एवढी शिक्षा झाली नव्हती रे!”

त्या साहेबांच्या जागी लागून माझा दुसराच आठवडा होता. काम पाच मिनिटांचं होतं. ‘नाही’मधल्या ‘न’खाली बारीक रेघ आली. आता कीबोर्डवर ‘न’ दाबला की झालं, खुर्चीतून उठायलाही नको.

काकांनी लगेच करून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “शंभर वर्षं जगशील, पोरा!”

दुसऱ्या दिवशी तापमानाचे आकडे जुळेनात. काका जेवायला गेले होते, म्हणून मीच भट्टीत शिरलो. मागच्या कोपऱ्यात वाकून तारा तपासत होतो, तेवढ्यात दार लागल्याचा आवाज आला. धावत जाऊन मी दोन्ही हातांनी काच ठोकू लागलो.



काचेपलीकडे, जिथे काका येऊन उभे राहायचे, तिथे फक्त माऊस होता.