परक्यांच्या पापांचा पाढा

दिमिष्क नगराला शिक्षा सुनावली गेली आणि प्रार्थनाघरातले सगळे तळहात धाडकन बाकांवर आदळले. इथली जुनी रीत. पाळकानं संदेष्ट्याचं पुस्तक उघडून एकेका परक्या राष्ट्राच्या पापांचा पाढा वाचायचा, लोकांनी बाक बडवायचे. परक्याच्या पापावर हात कसा सैल सुटतो.

सोर. अदोम. मवाब. दर थापेला तळघराच्या जिन्यापाशी उभी असलेली परमुलखातली माणसं दचकत होती. जोड्यांच्या कारखान्यात मशीनवर त्यांच्यातल्या एकीची बोटं गेली. तिच्यासाठी बाकीची भांडली म्हणून मालकानं सगळ्यांना हाकललं. तेव्हापासून ही सगळी पोराबाळांसह प्रार्थनाघराच्या तळघरात राहत होती. वाचन संपलं की मत घ्यायचं होतं: त्यांना ठेवायचं की रस्त्यावर काढायचं.

"मवाबपाशी थांबा, जावईबापू," कारखान्याच्या मालकानं, म्हणजे पाळकाच्या सासऱ्यांनी, सकाळीच बजावलं होतं. "लोक तापलेले असताना हात पटकन वर जातात. पुढचं वाचून विचका करू नका. कुणाच्या घरात राहता, ध्यानात असू द्या."

मवाब संपला, तरी पाळकाचं बोट पानावरच राहिलं. पहिल्या बाकावर सासऱ्यांनी घसा खाकरला. शेजारी त्यांची लेक, पाळकाची बायको, मान खाली घालून बसली होती.

"यहूदालाही शिक्षा होणार," पाळकानं वाचलं. "इस्राएलालाही."

तळहात सवयीनं आदळले. सगळ्यांत मोठा आवाज सासऱ्यांचा.

"वाजवलंत, बरं केलंत," पाळक म्हणाला. "हे परके नव्हेत. संदेष्ट्याची स्वतःची माणसं आहेत. शेजाऱ्यांच्या नावानं खडे फोडून झाले, तेव्हा तो त्यांच्याकडे वळला."

"आणि त्यांनी काय केलं होतं, बाबा?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"गरिबाला विकलं, आजी. एका जोड्याच्या किमतीला."

गावात कारखाना एकच. बसलेल्या प्रत्येकाच्या पायात तिथलाच जोडा होता.

"झालं पुराण?" सासरे उठले. "आता मत. काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

आधी एक हात गेला, मग भराभर. बायकोचाही गेला.

पाळकाची नजर बाकांखाली गेली. एकूण एक पाय मागे, अंधारात ओढून घेतलेला होता.