भिंतीवरचं गाव

गोरक्षनाथ मास्तरांनी भिंतीत खिळा ठोकला आणि हळूच आईकडे पाहिलं. जामखेडकडच्या कोरड्याठाक गावातून केशरबाईंना नगरला आणून नऊ दिवस झाले होते. ताटातली अर्धी भाकरी रोज तशीच राहायची आणि गावी जायचा जप काही थांबत नव्हता. म्हातारी अशानं हातची जाईल, या धास्तीनं मास्तरांची झोप उडाली होती. पण चित्रकलेचा मास्तर औषध देऊन देऊन काय देणार!

शेजारच्या भिंतीवर हॉलंडातलं एक जुनं चित्र होतं. मिशन शाळेतल्या साहेबांनी मायदेशी परतताना दिलेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. वाट, वाकडं झाड, गवती छपराची दोन घरं. केशरबाई रोज त्यात देव शोधत आणि तो काही सापडत नसे.

"तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, आई. तिकडची माणसं शहरात राहायची आणि असा मुलूख भिंतीला लावायची. जीव रमायचा त्यांचा."

"मंग ती मानसं माघारी गेली का?"

हे मास्तरांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं वर्तमानपत्राचा कागद सोडला आणि आतली तसबीर खिळ्याला अडकवली. चार दिवस खपून त्यांनी आपलंच गाव काढलं होतं. बांधावरची बाभूळ, मारुतीचा पार आणि पाराला लागून घर.

केशरबाईंचा चेहरा पडला.

"तसबीर देवाची लावत्यात, न्हाईतर गेलेल्या मानसाची. आपलं गाव गेलं व्हय रं, गोरख?"

करायला गेलो एक अन् झालं भलतंच! "चुकलं माझं," म्हणत मास्तरांनी तसबीर उतरवायला हात घातला.

"थांब."

गुडघ्यावर हात देत त्या उठल्या. पदरानं काच पुसली आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या. बोट बाभळीवरून पारावर गेलं, तिथून घरावर येऊन थांबलं.

"दार लावलेलं काढलंस."

"कुलूप आहे ना आता."

"पाऊस पडस्तवर ऱ्हाते मी तुज्याकडं," त्या म्हणाल्या. "पन दार उगडं काढ. मला जायाचं हाय."