लहान होत जाणारी गोळी

"भाऊ, ह्यांची गोळी दर आठवड्याला लहान का होतेय?" एका रुग्णाच्या बायकोचं हे पत्र फार्मासिस्टकाकांच्या खणात महिनाभर पडून होतं. दर आठवड्याला घरून कळवलेलं वजन पाहून संगणक प्रत्येकाची गोळी आखायचा आणि दवाखान्यातलं यंत्र औषधाचे थर रचून ती छापायचं. गृहस्थ झिजत चाललेत, हे कुठल्या तोंडानं लिहायचं? मग घरून कळवलेलं वजन दोन किलोंनी वाढलं, गोळी मोठी झाली आणि काकांना हायसं वाटलं. आज घरी तपासायला गेलेल्या नर्सनं त्या मोठ्या गोळ्यांचं न उघडलेलं पाकीट परत आणलं. "काका, बाई त्यांना बूट चढवून काट्यावर उभं करतात! मोठ्या गोळीनं बरे होतील म्हणे. एवढं औषध झेपेल का? मी समजावू?" "नको. विचारलं मला होतं." चार कागद फाडून काकांनी लिहिलं, "ताई, वजन घटलं तशी गोळी घटली. आता ते वजन भरून येणार नाही. त्यांच्याजवळ बसा." आणि पत्र टपालपेटीत टाकलं.