मुकुलच्या नावावर

नऊपैकी सहा ठिकाणी सुनेचे नाव होते. शरयूताईंनी चष्मा पुसून तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. नाव बदलले नाही.

साताऱ्याच्या महाविद्यालयात तीस वर्षे संगणक शिकवून निवृत्त झालेल्या ताईंना मुलाची खुशाली फोनवर विचारावी लागत नसे. मुकुल आणि ज्ञानदा सांगलीत दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहीत. त्यांच्या नऊही रिपॉझिटरींच्या, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या कप्प्यांच्या, प्रती ताईंच्या संगणकावर होत्या. काळ्या पडद्यावर एक आज्ञा दिली, की नऊंची स्थिती एकाखाली एक उमटे: कुठे काय बदलले, कोणाच्या नावावर. मुकुलचे नाव दिसले की चहा गोड लागे. ज्ञानदाचे दिसले की तोच चहा अर्धा राही.

गेल्या महिन्यात ज्ञानदा चार दिवस पाटणला माहेरी गेली, तेव्हा मुकुलच्या नावावरही एकही ओळ आली नव्हती. बायकोने त्याच्या जेवणाचे हाल केले, हे ताईंनी तेव्हाच ओळखले.

आता सहा ठिकाणी तिचे नाव दिसले, त्या दिवशीच त्यांनी सांगली गाठली.

"बोटांना हे काय लागलंय?" जेवताना त्यांनी मुलाला विचारले.

"लाकडाचं पॉलिश."

"घरातली कपाटंही तूच घासायची? मग लिहिणार कधी?"

मुकुलने ज्ञानदाकडे पाहिले. ती ताईंच्या भाकरीवर तूप घालत होती.

"ज्ञानदा, हे काम तू आता सोड," ताई म्हणाल्या. "जिथे पाहावं तिथे तुझंच नाव. माझ्या मुलाचं नाव शोधावं लागतं."

"आई, तू जरा..." मुकुलने सुरुवात केली.

"थांब रे," ज्ञानदा शांतपणे म्हणाली. "पूर्ण सोडू, आई? एकाही ठिकाणी हात लावायचा नाही?"

"एकाही नाही."

"बरं. उद्यापासून."

सून इतक्या लवकर नमेल, असे ताईंना वाटले नव्हते. परतीच्या एसटीत त्यांना छान झोप लागली.

पहिल्या सकाळी नऊही ठिकाणी काही नवे नव्हते. दुसऱ्या सकाळीही नव्हते. मुलगा मोठे काहीतरी जुळवीत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाचव्या सकाळी चहा तसाच ठेवून त्यांनी फोन लावला.

"मुकुल, तिचा अडथळा मी दूर केला. आता तरी लिही."

पलीकडे कुणीतरी तार छेडली. मग आवाज थांबला.

"आई, माझ्या नावाने तीच लिहायची. मी वर्षभर मिरजेत तंबोरे करतोय."